माणूस झाका, मग पाहा

माझे सासरे उभ्या जन्मात बडनेऱ्याच्या पलीकडे गेले नाहीत, आणि तरी हिंदुस्थानातलं असं एक गाव नव्हतं जे त्यांनी फोटोवरून ओळखलं नसतं. हे मी जावई म्हणून कौतुकानं सांगतो असं समजू नका. मी अमरावतीच्या शाळेत भूगोलाचा मास्तर, त्यामुळे त्यांचं कौतुक करणं मला कायम जड गेलं. पण खरं ते खरं. त्यांच्या हातात कुठलाही फोटो द्या, देवळाचा द्या, पुलाचा द्या, लग्नाच्या पंगतीचा द्या, नाहीतर कुणाच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचा द्या. ते चष्मा कपाळावर सरकवत, कचेरीतून कधीतरी घरी आलेलं आणि परत जायचं विसरलेलं पितळी कडीचं भिंग डोळ्याशी नेत, आणि सगळ्यात आधी फोटोतल्या माणसाच्या तोंडावर आपला उजवा अंगठा ठेवत. "मानूस झाका, मंग पाहा," हा त्यांचा पहिला नियम. "मानूस खोटं बोलते, जवाईबुवा. उसना कोट घालून उभा राहते, भांडन झालं असलं तरी बायकोच्या शेजारी हसते. मागची भिंत खोटं बोलत नाई." एवढं बोलून ते गप्प होत आणि चहा निवायच्या आत गावाचं नाव सांगत.

ह्या अंगठ्याखालून मीही एकदा गेलो आहे. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा, म्हणजे वऱ्हाड अजून मध्य प्रदेशात होतं त्या काळात, माझ्या थोरल्या मामांनी माझा एक फोटो अकोल्याला नेला. शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली असताना तिथल्या एका बंगल्याच्या पायऱ्यांवर मी छाती काढून उभा होतो, तो फोटो. मामांनी बैठकीत तो पुढे सरकवला आणि सांगून टाकलं की हा मुलाचा स्वतःचा बंगला, अमरावतीला, कॅम्पात. सासऱ्यांनी अंगठा ठेवला, भिंग लावलं. "अमरावती नाई हे," ते म्हणाले. "छप्पर किती उतरतं हाये पाहा. एवढा पाऊस आपल्याकडं कुठी पडते? अन् मागं सिल्व्हर ओक हाये. कॉफीच्या मळ्यात सावलीसाठी लावतात ते झाड. हे चिखलदरा. बंगला सरकारी, अन् खानसामा दाराआडून पाहून राहिला." मामांनी टोपी उचलली. स्थळ मोडलं असंच त्यांनी धरलं. तेवढ्यात माजघरातून सासूबाईंचा आवाज आला, "पन पोरगं कसं हाये दिसाले?" सासरे गडबडले. अंगठा उचलून त्यांनी माझ्याकडे ओझरतं पाहिलं असावं. "हाये, बरं हाये. एवढा घाट चढून गेला म्हनजे छाती चांगली असंन. देऊन टाकू." असं माझं लग्न ठरलं. त्यात माझ्या नाकाडोळ्यांपेक्षा चिखलदऱ्याच्या उंचीचा वाटा जास्त आहे, हे माझी बायको मला अजून ऐकवते.

ते मोजणी खात्यात होते. दुसऱ्यांनी उन्हातान्हात फिरून मोजलेली शेतं ह्यांनी खुर्चीवर बसून तलम कापडावर उतरवून काढायची, असं तीस वर्षं चाललं. नजर त्या कामानं तयार झाली म्हणावं, तर त्यांच्या शेजारी बसणाऱ्या सात जणांना आपल्या घरचा फोटोसुद्धा ओळखता येत नसे. अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरात त्यांच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी असे. मासिकांतली, कॅलेंडरांवरची, बिस्किटांच्या डब्यांवरची चित्रं कापून तिच्यात ठेवलेली, आणि खाली छापलेल्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली, म्हणजे स्वतःशीसुद्धा फसवाफसवी नको. ह्या नजरेनं नातेवाइकांत त्यांनी किती शत्रू केले, त्याला सुमार नाही. माझे चुलतसासरे काशी करून आले, मावंदं घातलं, पाहुणे जेवायला बसले आणि घाटावरचा फोटो पंगतीत फिरू लागला. आमच्या सासऱ्यांनी भाताचा हात धुऊन अंगठा ठेवला. "गंगेच्या पल्याड रेती असते," ते शांतपणे म्हणाले, "इथं तं खडक हायेत, डोंगर हाये. ही नर्मदा. तुमी ओंकारेश्वरावरूनच वापस आले." चुलतसासरे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत आणि पुढच्या वर्षी गुपचूप जाऊन खरी काशी करून आले. कटिंगच्या दुकानात शंकराचं कॅलेंडर होतं, मागे कैलास पर्वत. अर्धी दाढी झालेली असताना हे खुर्चीतून उठले, भिंतीपाशी गेले आणि शंकराच्या तोंडावर अंगठा ठेवून म्हणाले, "हा कैलास नाई. कोपऱ्यात नारळ काढला हाये. चितारी कोकनातला दिसते." वस्तरा हातात धरून न्हावी हात जोडत म्हणाला, "काकाजी, देवाले तं सोडा!"

आणि हा माणूस प्रवासाच्या नावानं थरथर कापे. मोटारीत बसलं की पहिल्या मैलाच्या दगडापाशीच त्यांना भोवळ येई. लेकीचं घर पाहायला म्हणून एकदाच निघाले, आगगाडीनं बडनेऱ्यापर्यंत आले, तिथं अमरावतीची मोटार पाहिली आणि त्याच पावली परत फिरले. मग मी घराचा फोटो पाठवला. उलट टपाली कार्ड आलं की घर चांगलं आहे, पण पश्चिमेच्या भिंतीत पाणी मुरतं, घरमालकाला सांगा. खरोखरच मुरत होतं. मी पुष्कळ वेळा त्यांना हरवायला पाहिलं. एका मित्रानं धारणीच्या बाजारात काढलेला, नुसती बैलगाडी आणि मागे कुडाची भिंत एवढाच फोटो मी विजयी मुद्रेनं पाठवला. कार्डावर एकच शब्द आला, "धारणी." सही नाही, आशीर्वाद नाहीत. भूगोलाचा मास्तर असून नकाशांच्या नकला काढणाऱ्या एका ट्रेसरकडून हरण्याची ही माझी बहुधा दहावी वेळ होती, आणि मी मनात म्हटलं की एक दिवस ह्यांना चारचौघांत हरवीन. ही हौस पुढे मला फार महागात पडली.

इथपर्यंतचं सगळं हसत सांगता येतं. पण एक फोटो असा होता की त्याच्याविषयी आमच्या घरात आजही कुणी हसत नाही. तो माझ्या मेहुण्याचा, मधूचा. मधू हा सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा. मॅट्रिकला दोनदा आपटलेला, दिसायला गोड, बोलायला कमी. तो काही सांगायला आला की सासरे भिंगातून मान वर न काढता "सांग, मी ऐकून राहिलो" म्हणत. त्याचं सांगणं मग अर्ध्यातच संपे. आमच्या लग्नानंतर दीडेक वर्षानं, माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा, एका सकाळी बापलेकांची खटकली. बायकोनं दारात उभं राहून ते ऐकलं. मधू म्हणाला, "बाबा, एकडाव माह्याकडं पाहून बोला ना."

"पाहून काय करू? तुह्या तोंडावर मॅट्रिकचा निकाल लिहेल हाये काय?"

"मंग मी जातो. असा जाईन का तुमाले सापडनार नाई."

सासरे चक्क हसले. त्यांना वाटलं, पोरगं कोडं घालतंय. "जाय ना. तू फक्त एक फोटो पाठवजो. कुठी हायेस ते मी खाटेवर बसून सांगतो."

मधू न जेवता गेला. दोन दिवस सगळ्यांना वाटलं मित्राकडे असेल. मग आठवडे गेले, महिने गेले. आठव्या महिन्यात एक पाकीट आलं. टपालाचा शिक्का पुसट, आत चिठ्ठी नाही, फक्त फोटो. तळ्याकाठी मधू उभा, मागे पाच कमानींचा वाडा, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि डाव्या अंगाला एक ताडाचं झाड. मी त्या दिवशी तिथंच होतो. सासऱ्यांनी मधूच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि भिंग लावलं. चहावर साय धरली तरी ते बोलेनात. असं कधी झालं नव्हतं. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "सांगा ना जी, कुठी हाये माहा मधू?" सासरे आणखी थोडा वेळ फोटोकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "उदेपूर."

त्या दिवसापासून सासूबाई उदयपूरला राहू लागल्या, असंच म्हटलं पाहिजे. मी गेलो की दाराआडून विचारत, "जवाईबुवा, उदेपूरले थंडी किती असते हो? पानी कसं हाये तिथलं, जड का हलकं? ज्वारी भेटते का नुसती बाजरी?" मी पुस्तक उघडून सांगे. त्यांनी जुन्या लुगड्यांची एक जाड वाकळ शिवायला घेतली. वर्षभरानं त्या म्हणाल्या, आता तुमी जा अन् त्याले घेऊन या. त्यावर सासऱ्यांनी पुन्हा अंगठा ठेवला, भिंग लावलं आणि सांगितलं की उदेपूर नाही, चूक झाली, हे जबलपूर आहे. मग आम्ही दोघं सासू-जावई जबलपूरचा पाऊस शिकलो. पुढे म्हैसूर आलं. त्या वर्षी सासूबाई खुशीत होत्या, कारण तिथली हवा बारा महिने चांगली असते हे मीच त्यांना सांगितलं होतं. "तब्येत सुधरंन पोराची," असं त्या शेजारणींना सांगत. जाण्याची गोष्ट निघाली की कमानीला नवा कंगोरा दिसे आणि गाव बदले. सासऱ्यांचं नाव खाली आलं. कटिंगच्या दुकानात लोक तोंडावर हसायचे की काकाजींना सगळ्या हिंदुस्थानातली गावं ओळखता येतात, फक्त स्वतःचा पोरगा ज्या गावात आहे तेवढं सोडून. ते ऐकून घेत. आणि लाज वाटते सांगायला, पण मलाही आतून थोडं बरं वाटे.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या शाळेतल्या शिक्षकांचा एक गटफोटो काढायचा ठरला आणि आम्ही अमरावतीच्या स्टेशनरोडवरच्या एका स्टुडिओत गेलो. फोटोवाल्यानं दोरी सोडली, मागचा पडदा उलगडत खाली आला, आणि माझ्यासमोर पाच कमानी उभ्या राहिल्या. तळं, पायऱ्या, डावीकडे ताड. मी उठून पडद्याला हात लावला. रंगाचे पोपडे माझ्या बोटाला लागले. "हा किती वर्षांचा आहे?" मी विचारलं. फोटोवाला म्हणाला, "दहा-बारा सालं तं झाली असतीन, मास्तर. एक चितारी गावोगाव फिरे, हाच पडदा त्यानं किती ठिकानी इकला त्याची गिनती नाई. खंडव्याले हाये, नागपूरले हाये." मधूचं वर्णन सांगून पाहिलं, त्याला काही आठवेना. मधू त्या पडद्यापुढे उभा राहिला असेल तर माझ्या घरापासून, त्याच्या सख्ख्या बहिणीच्या घरापासून दहा मिनिटांवर होता आणि न भेटता गेला, हा विचार माझ्या मनात आधी यायला हवा होता. तो आला नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आज मी सासऱ्यांना हरवलं. गटफोटोत मी एकटाच हसतो आहे.

पुढच्याच गाडीनं मी अकोल्याला गेलो. चपला काढायच्या आधी ओसरीतूनच ओरडलो, "मामाजी, हरलात! ते गाव नाही, पडदा आहे! अमरावतीला स्टुडिओत मी हात लावून आलो." आणि मग सगळं सांगितलं, पोपड्यांसकट.  मी सासऱ्यांकडेच पाहत होतो, त्यामुळे सासूबाई चुलीपासून उठून आलेल्या मला कळल्या नाहीत. त्यांच्या हाताला भाकरीचं पीठ होतं. ते साल ग्वाल्हेरचं होतं. "म्हनजे ग्वालेरले नाई तो?" त्यांनी विचारलं.  "मैसूरलेई नव्हता? मंग मी एवढी सालं थंडी-पान्याची काळजी कायले करून राहिली होती?"  त्यांनी हात धुतले, खुंटीवरची वाकळ काढून घडी केली आणि पेटीत तळाला ठेवली. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याही गावाची हवा कधी विचारली नाही. "जवाईबुवा जिंकले," एवढंच सासरे म्हणाले आणि त्यांनी फोटो पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते मला स्टेशनपर्यंत पोचवायला आले. असं ते कधी येत नसत. वाटेत मी म्हटलं, "मामाजी, तुमच्यासारख्या माणसाला पडदा ओळखू आला नाही?"

"खांबाची सावली डावीकडं पडेल हाये," ते चालता चालता म्हणाले. "पोराची सावली कुठीच नाई. पहिल्याच दिवशी समजलं मले."

मी थांबलोच. "मग उदेपूर?"

"बाई विचारून राहिली होती ना. काय सांगतो तिले? पोरगं कापडापुढं उभं हाये म्हनून? गाव असलं म्हनजे तिथं जेवन भेटते, झोपाले जागा भेटते, दोन ओळखीची मानसं होतात. गाव नसलं म्हनजे मानूस कुठीच नसते, जवाईबुवा." थोडं चालून ते पुन्हा म्हणाले, "अन् त्यानं मले बराबर जिंकलं. बाप मागचंच पाहते हे त्याले मालूम होतं. म्हनून मागं काईच नसलेला फोटो पाठवला." गाडी आली तेव्हा मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण जवळ जायचाच धीर होईना. मी डब्यात जाऊन बसलो.

त्यांनी नंतर फोटो ओळखणं सोडून दिलं. लोक आणून देत, ते "आता दिसत नाई" म्हणून परत करत, आणि दोन-तीन वर्षांत ते खरंच झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पिकल्याशिवाय काढता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दर रविवारी अकोल्याला जाऊ लागलो. माझ्या हातून जे झालं होतं ते भरून निघण्यासारखं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. अशाच एका रविवारी दुपारी त्यांनी उशीखालून मधूचा फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला. "सांगा," ते म्हणाले. मी सवयीनं सुरू केलं की डाव्या अंगाला ताड आहे, मग पाच कमानी...

"कमानी राहू द्या," ते म्हणाले. "पोट्टा कसा दिसते ते सांगा. मी त्याले पाहिलंच नाई कधी."

मी फोटो खिडकीशी नेला. मधूच्या सदऱ्याची बटणं दिसत होती, वरचं एक तुटलेलं. चपलेचा तारेनं बांधलेला अंगठा दिसत होता. मान दिसत होती. आणि मानेच्या वर, तोंडाच्या जागी, एक पांढरट गोल होता, माणसाच्या अंगठ्याएवढा. सात वर्षं बायकोला गाव सांगताना त्यांनी त्या जागेवर अंगठा ठेवला होता आणि त्या अंगठ्यानं ते तोंड पुसून टाकलं होतं. नाक नाही, डोळे नाहीत, काही नाही. सासरे माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसले होते. एकदा मी न विचारता बोललो होतो, आणि आता विचारलं असता माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, उठून माझ्या हातातून फोटो घेतला. त्यांची नजर चांगली होती. त्यांनी त्या पांढऱ्या गोलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसल्या.

"हसून राहिला," त्या म्हणाल्या.

"व्हय?"

"दाबून हसून राहिला. तुमी कोडं घालतानी हसत होते ना, तसा. डाव्या गालाले खळी पडली. भांग मधातून पाडला, तुमी पाडू देत नव्हते तो. कान तं तुमचेच हायेत."

"दुबळा झाला काय?"

"नाई जी. चांगला भरला अंगानं. तिथलं पानी मानवलं त्याले."

कुठलं पाणी, हे सासऱ्यांनी विचारलं नाही. त्यांनी हात पुढे केला, सासूबाईंनी फोटो त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो अंगठा न लावता दोन्ही कडांनी धरला. दिवस कलेपर्यंत ते विचारत होते आणि त्या सांगत होत्या. मी तिथं बसून रडलो, पण त्या दोघांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

मोतीबिंदू पिकायच्या आधीच ते गेले. मधूला कळवायला पत्ता नव्हता. सासूबाई आता आमच्याकडे अमरावतीला असतात. आमच्या पोरांनी मामा कसा होता म्हणून विचारलं की त्या फोटो काढतात आणि खळी, भांग, कान असं सगळं त्याच क्रमानं सांगतात. पोरं फोटोकडे पाहतात, मग आजीकडे पाहतात, आणि मान डोलावतात. माझी शाळेची वाट त्या स्टुडिओवरूनच जाते. पडदा अजून तोच आहे, आणि सकाळच्या वेळी दार उघडं असलं तर आत कुणीतरी कमानींपुढे अवघडून उभं असतं. मी थांबतो, त्याचं तोंड पाहून घेतो, आणि मग शाळेत जातो.